वासाचा तांदूळ



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे घेतली, की आज आपल्या डोळ्यांपुढे लोकलगाडीची गर्दी उभी राहते. पण हा सगळा मुलूख म्हणजे जुनी साष्टी. आणि साष्टीची मुख्य पिके दोन, भात आणि मीठ. खाडीच्या अंगाला मिठागरे, त्यांच्या आत बांध घालून भरतीच्या पाण्यापासून सोडवलेल्या खारजमिनी, आणि डोंगराच्या पायथ्याला पावसावरची खाचरे. आगरी, कुणबी, वारली, ईस्ट इंडियन ख्रिस्ती अशा सगळ्यांच्या चुलीवर चढायचा तो इथलाच तांदूळ. आरेच्या आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात अजूनही थोडीफार लावणी होते. ती पाहायची असेल तर जुलैत गोरेगावला उतरावे. मुंबईत भाताची लावणी पाहिली म्हणून गावी सांगितलेत, तर कोणी विश्वास ठेवायचे नाही!

हा इथला तांदूळ पुष्कळदा जाडा आणि तांबूस असे. भाकरीला उत्तम, पेजेला उत्तम, खाऱ्या जमिनीत तग धरणारा. वासासाठी मात्र त्याची ख्याती नव्हती. वासाचा तांदूळ आठवे तो पाहुणा आला, लग्न निघाले किंवा गणपतीला नैवेद्य दाखवायचा असला म्हणजे. आज पाहावे तर उपनगरातल्या कोणत्याही वाण्याकडे आंबेमोहर, बासमती, वाडा कोलम, इंद्रायणी अशा पाट्या खोचलेली पोती रांगेने उभी असतात. पाटीवर जे लिहिले आहे ते पोत्यात असते का, हा आजच्या बोलण्याचा विषय. हा नुसता गिऱ्हाइकाच्या जिभेचा प्रश्न नव्हे. मुळशीतल्या नि मावळातल्या शेतकऱ्याने आंबेमोहर लावावा की सोडून द्यावा, हे पुष्कळसे ह्या पाटीवर अवलंबून आहे.

आधी वास म्हणजे काय ते पाहू. भात शिजताना घरभर जो दरवळ पसरतो त्यात शेकडो द्रव्ये असतात. पण सुवासिक तांदळाची ओळख पटवणारे मुख्य द्रव्य एकच; त्याचे नाव टू-ॲसिटिल-वन-पायरोलीन. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. १९८०च्या सुमारास संशोधकांनी ते भातातून वेगळे काढून ओळखले. हे द्रव्य इतके तीव्र, की पाण्याच्या अब्जावधी थेंबांत त्याचा एखादा अंश असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. गंमत अशी, की हेच द्रव्य मक्याच्या ताज्या लाह्यांत असते, पावाच्या खरपूस कडेत असते, आणि केवड्याच्या जातीच्या एका झुडपाच्या पानांतही असते. त्या पानांना आपल्याकडे आंबेमोहर पात म्हणतात. उपनगरांतल्या पुष्कळ गॅलऱ्यांत त्याची कुंडी दिसेल. साध्या तांदळाच्या आधणात एक पान गाठ मारून टाकले, की भात वासाचा होतो. घरात ही युक्ती जरूर करावी. दुकानदाराने केली तर मात्र तिला दुसरे नाव आहे.

आंबेमोहर म्हणजे आंब्याच्या मोहरासारखा वास येणारा. मला स्वतःला तो मोहरापेक्षा लाह्यांच्या अधिक जवळचा वाटतो. पण नाव इतके गोड आहे, की त्याबद्दल तक्रार करवत नाही.

आता हे द्रव्य काही जातींतच का साठते? ह्याचे उत्तर २००५ साली मिळाले, आणि विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींनी ते मुलांना सांगण्यासारखे आहे. भाताच्या आठव्या गुणसूत्रावर एक जनुक असतो. साध्या भातात हा जनुक आपले काम चोख करतो, आणि वासाचे द्रव्य ज्या कच्च्या मालातून व्हायचे तो माल दुसऱ्या वाटेने खर्ची पडतो. बासमतीत आणि बहुतेक सुवासिक जातींत हा जनुक बिघडलेला आहे. त्याचे काम थांबले, कच्चा माल शिल्लक राहिला आणि त्यातून वास तयार झाला. म्हणजे ज्याला आपण गुण म्हणतो तो रोपाच्या हिशेबी एक बिघाड आहे! हा बिघाड अप्रभावी असतो. आईबापांपैकी दोघांकडून आला तरच दिसतो. सुवासिक आणि साध्या भाताचा संकर झाला, तर पहिल्या पिढीच्या रोपाला वास येत नाही. बियाण्याच्या भेसळीकडे एवढ्या डोळसपणे का पाहायचे ते ह्यावरून ध्यानात येईल.

जनुक असला म्हणजे झाले असेही नाही. दाणा भरत असताना हवा थंडावलेली असेल तर वास चांगला धरतो. कडक ऊन आणि उकाडा असेल तर तो उणावतो. हिमालयाच्या पायथ्याशी बासमती निसवते आणि दाणा धरते तेव्हा तिकडे रात्री गार होऊ लागलेल्या असतात. आपल्या कोकणपट्टीत त्याच सुमाराला आश्विनातली काहिली असते. म्हणून कोणी हौसेने उत्तरेचे बियाणे आणून वसईत नाहीतर पनवेलीला पेरले, तर दाणा लांब मिळेल, पण वास तसाच मिळेल ह्याची खात्री नाही.

बासमतीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याविषयी सगळेच बोलतात. बास म्हणजे वास, त्यावरून हे नाव. वारिस शाह ह्या पंजाबी कवीच्या १७६६ सालच्या ‘हीर’ ह्या काव्यात बासमतीचा उल्लेख आहे. १९३३ साली अखंड पंजाबातल्या काला शाह काकू येथील केंद्रातून बासमती ३७० ही निवड पद्धतीने काढलेली जात बाहेर आली. ते गाव आज पाकिस्तानात आहे. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८९ साली पुसा बासमती १ ही बुटकी जात दिली, आणि २००३ साली पुसा ११२१ ही फार लांब दाण्याची. बासमतीचा दाणा शिजताना जाड न होता लांब होतो, कच्च्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि भात मोकळा राहतो. हे तिचे खरे वैशिष्ट्य. वास तर इतरही तांदळांना आहे.

ह्या नावाला केवढी किंमत आहे ते १९९७ साली कळले. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या एका कंपनीने बासमतीच्या वाणांवर आणि दाण्यांवर एकस्व, म्हणजे पेटंट, मिळवले. भारत सरकारने त्याला हरकत घेतली. कंपनीने काही दावे आपण होऊनच मागे घेतले, आणि २००१ सालापर्यंत बाकीचे बहुतेक दावे गळाले. एकस्वाच्या शीर्षकातून बासमती हा शब्दही गेला. नंतर २०१६ साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळाले. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, दिल्ली, उत्तराखंड, आणि उत्तर प्रदेश व जम्मू-काश्मीर ह्यांचे काही जिल्हे, एवढ्याच प्रदेशात पिकलेल्या तांदळाला बासमती म्हणता येते. महाराष्ट्र ह्यात नाही. तेव्हा बासमतीच्या मागे लागण्यात आपल्या शेतकऱ्याला फारसा अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या घरचे काय आहे ते पाहावे.

आणि घरचे कमी नाही! त्याच २०१६ साली आंबेमोहराला मानांकन मिळाले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या घनसाळीलाही. भंडाऱ्याकडे चिन्नोर आहे, नाशिकच्या घाटमाथ्यावर कमोद आहे, मावळात जिरेसाळ आणि रायभोग ही नावे जुनी माणसे अजून घेतात. उपनगरांना सर्वांत जवळचा म्हणजे वाड्याचा कोलम, पूर्वीच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातला. झिनी असेही त्याला म्हणतात. त्याला २०२१ साली मानांकन मिळाले. पण मी आज आंबेमोहराजवळ थांबणार आहे.

आंबेमोहर हा मुळशी, मावळ, भोर ह्या सह्याद्रीच्या कुशीतल्या तालुक्यांचा तांदूळ. दाणा आखूड, जेमतेम साडेपाच मिलिमीटर. शिजला की मऊ, जरा चिकट. दाणे मोडतात, एकमेकांना धरतात. बासमतीच्या मापाने मोजले तर हे सगळे दोष. पण वरणभात-तुपाला, लहान मुलाच्या मऊ भाताला, आजाऱ्याच्या पेजेला हाच मऊपणा हवा असतो. पुलावासाठी ज्याची किंमत करतात ते माप पेजेला लावू नये.

भात गरवा आणि उंच. घाटमाथ्याचा पाऊस सोसून थंडीच्या तोंडावर दाणा भरणारा, म्हणून वास पक्का. पण उंच असल्यामुळे परतीच्या पावसात वाऱ्याच्या एका झोताने आडवा पडतो. करपा रोग त्याला लवकर धरतो. आणि उतारा कमी, हेक्टरी १९-२० क्विंटल भात.

ह्या आकड्याचा अर्थ काय होतो ते हिशेबाने पाहा. एका मावळकराकडे २० गुंठे खाचर आहे असे समजा. आंबेमोहर लावला तर त्याला सुमारे ४ क्विंटल भात मिळेल. गिरणीतून त्याचे अडीच क्विंटलांच्या आसपास तांदूळ निघतील. पाच माणसांच्या घरात भात रोज शिजतो. हे तांदूळ घरातच संपतील. विकायला काय राहणार? तेच खाचर इंद्रायणीखाली आणले तर दुप्पट भात येतो, घरचे भागून उरलेला विकता येतो. आता दुप्पट उताऱ्याची जात समोर असताना आंबेमोहर कोण लावील? ज्याला दुप्पट भाव मिळेल तो. आणि दुप्पट भाव गिऱ्हाइकाने दिला तरी तो मुळशीपर्यंत पोचत नाही, कारण वाण्याच्या पोत्यात मुळशीचा तांदूळ नसतोच. मध्य प्रदेशातून येणारा जिराशंकर हा दिसायला आंबेमोहरासारखा आणि सौम्य वासाचा तांदूळ आहे. आंध्रातूनही असाच तांदूळ येतो. हे तांदूळ वाईट नाहीत, त्यांच्या नावाने खुशाल खावेत. पण बाजारात त्यांच्यावर पाटी लागते ती आंबेमोहराची. वाड्याच्या कोलमाचेही तेच. एका तालुक्याची शेती सगळ्या मुंबईच्या दुकानांना पुरावी, हे गणित कोणाच्या लक्षात कसे येत नाही याचे मला नवल वाटते.

इंद्रायणीचे नाव वर आले. ही जात मावळातल्या वडगावच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ साली दिली. आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ ह्यांच्या संकरातून ती काढली. म्हणजे आईकडून वास आणि बापाकडून बुटकी, न लोळणारी काठी. उतारा हेक्टरी ४० ते ४५ क्विंटल. पुणे जिल्ह्यात शेतकऱ्याच्या हाती चार पैसे आले ते ह्या जातीमुळे, आणि काही घरांत वासाचा भात रोज ताटात आला तोही हिच्यामुळे. आंबेमोहराचे अभिमानी लोक इंद्रायणीला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. वास थोडा सौम्य असेल, भात जास्त चिकट होत असेल. पण इंद्रायणी म्हणून विकली तर ती प्रामाणिक वस्तू आहे.

आता जे शेतकरी श्रोते वासाचे भात लावतात किंवा लावू पाहतात त्यांच्यासाठी चार गोष्टी. पहिली खताची. उंच जातीला युरियाचा मारा केला, की पीक हिरवेगार दिसते, शेजारी वाहवा करतात आणि हस्ताच्या पावसात सगळे झोपते. करप्यालाही आमंत्रण मिळते. चारसूत्री पद्धत ह्या जातींना फार उपयोगी आहे. रोपवाटिकेत तुसाची राख मिसळावी; तिच्यातल्या सिलिकेने रोप काटक होते. चिखलणीच्या आधी गिरिपुष्पाचा पाला खाचरात पसरावा. एका चुडात दोन-तीनच रोपे धरून १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने लावावे. आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये चिखलात खोल खोचाव्यात, म्हणजे खत वाहून जात नाही आणि कमी लागते.

दुसरी गोष्ट कापणीची. पुष्कळ जण भात खडखडीत वाळेपर्यंत उभे ठेवतात. वासाच्या भाताला हे मानवत नाही. लोंबीतले दहात आठ-नऊ दाणे पिवळे झाले, की विळा घालावा. उशीर केला तर वास उडतो आणि गिरणीत कणीही जास्त पडते. कापल्यावर कडक उन्हात करपवू नये. पातळ पसरून, वर-खाली करून सावकाश वाळवावे. आणि भरडायची घाई करू नये. तुसाच्या आत दाणा असतो तोवर त्याचा वास पुष्कळ टिकतो. तांदूळ करून ठेवला की तो महिन्यामहिन्याने ओसरतो. कणगीत भात ठेवावे आणि लागेल तसे भरडून आणावे, ही आपल्या आजीची रीत शास्त्राला धरूनच होती.

इथे शहरातल्या गृहिणींचा एक समज सांगायला हवा. तांदूळ जितका जुना तितका चांगला, असे त्या मानतात. बासमतीच्या बाबतीत ते खरे आहे. वर्षभर मुरलेला दाणा लांब होतो आणि चिकटत नाही. पण जुनेपणाने वास वाढत नाही, कमीच होतो. आंबेमोहर घ्यायचा तर नव्यातला घ्यावा, पाणी बेताने घालावे आणि भात मऊ होईल हे धरून चालावे. मोकळा भात हवा असेल त्या दिवशी कोलम शिजवावा.

खरेदीच्या वेळी आणखी दोन गोष्टी. पोत्यावर मोगरा असे लिहिलेले पाहून ती फुलाच्या वासाची एखादी खास जात असावी असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तिबार, दुबार, मोगरा ही बासमतीच्या तुकड्यांची प्रतवारी आहे. तिबार मोठा तुकडा, दुबार त्याहून लहान, मोगरा आणखी लहान. मोगरा स्वस्त पडतो आणि खिरीला छान लागतो, तेव्हा घ्यायला हरकत नाही. फक्त काय घेतो आहोत ते ठाऊक असावे. दुसरी गोष्ट, वरून लावलेल्या वासाची. २०२३ सालच्या १ ऑगस्टपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे बासमतीत कृत्रिम सुवास किंवा रंग घालण्यास मनाई आहे. पोते उघडताच डोके भरून टाकणारा वास आला, आणि दोन पाण्यांनी धुतल्यावर, शिजल्यावर काहीच राहिले नाही, तर संशय घ्यावा. अस्सल वासाच्या तांदळाचे उलट असते. कोरडा असताना तो जरा दबूनच असतो आणि आधण आले की बोलू लागतो.

मानांकनाचा तांदूळ हवा असेल तर वाण्याला विचारावे, हा कोणत्या तालुक्यातला, कोणत्या गटाचा, पिशवीवर तसे छापले आहे का. तो पहिल्यांदा हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर चौकशी करील. गणपती-दिवाळीच्या आधी एखाद्या गृहनिर्माण संस्थेतल्या दहा-वीस बिऱ्हाडांनी मिळून मुळशीच्या किंवा वाड्याच्या शेतकरी गटाकडून थेट पोती मागवली, तर मधली हमाली आणि दलाली वाचते, आणि शेतकऱ्याला पुढच्या जूनमध्ये काय पेरायचे ते आधी कळते.

शेवटी, शाळांना करता येण्याजोगा एक प्रयोग. बियाण्यात भेसळ किती आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. भाताला मुख्यतः आपल्याच फुलातले पराग मिळतात, त्यामुळे परागाने होणारी भेसळ थोडी. खरी भेसळ होते ती खळ्यावर, मळणीत आणि पोत्यांत. गावात कोणाकडे जुना आंबेमोहर, घनसाळ किंवा चिन्नोर असेल, तर कापणीच्या आधी त्यांच्या परवानगीने खाचरातल्या सारख्या दिसणाऱ्या, निरोगी पंचवीस लोंब्या निवडाव्यात आणि प्रत्येकीला आकडा घातलेली चिठ्ठी बांधावी. लोंब्या वाळल्यावर प्रत्येकीतले पाच-पाच दाणे काढून नखाने सोलावेत. मुलांनी एकेक दाणा दातांखाली धरून सावकाश चावावा आणि वास येतो की नाही ते वहीत लिहावे. दर दाण्यानंतर चूळ भरायला विसरू नये, नाहीतर सगळेच दाणे वासाचे वाटतात. दोन मुलांचे मत जुळले नाही तर तिसऱ्याला द्यावा. ज्या लोंबीतले पाचही दाणे वासाचे निघतील तिचे उरलेले दाणे कागदी पिशवीत, चिठ्ठीसकट, कोरड्या जागी ठेवावेत आणि मृगाला शाळेच्या अंगणात प्रत्येक लोंबीची ओळ निराळी पेरावी.